अम्मितच्या कपाळावर कुंकू

४ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून मी दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात आहे. हे वाक्य लिहून एकदा मोठ्याने वाचलं. नीलाने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणालात?" म्हटलं, काही नाही.

ऋचाच्या मालिकेला विज्ञान सल्लागार हवा आहे. तसं ती म्हणाली नाही, नीला म्हणाली. "अहो, तिला मदत लागणार आहे, पण ती मागायची नाही. तुम्हीच जा." मुलगी माझी, मागणार कशी? निवृत्त झाल्यापासून मी रोज वर्तमानपत्रातल्या चुका काढतो आणि नीला त्या ऐकते. आता माझ्या डोक्याला काम मिळालं. नीलाच्या लक्षात आलं नसेल, पण यात तिचाही फायदा आहे.

मालिका कन्नडमध्ये, मग हिंदीत. गोष्ट अशी: प्राचीन इजिप्तच्या लोकांची समजूत होती की माणूस मेला की त्याचं काळीज तराजूत घालतात. दुसऱ्या पारड्यात सत्याच्या देवीचं, मातचं, पीस. काळीज जड भरलं की शेजारी बसलेली अम्मित ते खाऊन टाकते. अम्मितला डोकं मगरीचं, छाती सिंहाची, मागचा भाग पाणघोड्याचा. ऋचा म्हणते, असा प्राणी कुणाला सुचेल का? भविष्यातल्या काही शास्त्रज्ञांनी काळाच्या प्रवासात एक जिवंत डायनासोर नाईलच्या काठी आणून सोडला. इजिप्तच्या चित्रकारांनी तो पाहिला आणि ओळखीच्या तीन प्राण्यांचे तुकडे जोडून काढला. तराजूतलं पीस त्याचंच. आणि तो खोटं बोलणाऱ्याला ओळखतो, कारण त्याला काळजाचे ठोके ऐकू येतात.

मी विचारलं, इजिप्तच का? म्हणाली, "बाबा, आपल्या देवांच्या शेजारी डायनासोर उभा केला तर दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा. या देवांचं बंगळूरमध्ये कुणी नाही." मुलीला व्यवहार कळतो. मग चार वर्षं संगणक अभियांत्रिकी शिकून, मारतहळ्ळीची चांगली नोकरी सोडून हे कशाला, असं माझ्या मनात आलं. ते मी बोलूनही दाखवलं. ती हसली.

३ ऑक्टोबरला वाहिनीचे लोक येऊन एकच प्रसंग बघणार आहेत, काळजाच्या तराजूचा. पसंत पडला तर तेरा भाग. नाही पडला तर कामासाठी घेतलेली शेड सोडायची आणि ऋचाचा हा उद्योग संपला. माझ्या मते पसंत पडणार. मी आहे ना.

६ सप्टेंबर, शनिवार

यशवंतपूरला शेड पाहिली. घाऊक बाजाराच्या मागे, एका बाजूला कांद्याची गोदामं. शेड वादिराजची. तो लेथवर सुटे भाग करतो. त्याची मोठी बहीण अहल्या पूर्वी नाटकांचे पोशाख करायची. यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरमध्ये. मराठी बोलतात, पण मध्येच कन्नड येतं आणि त्यांना ते आल्याचं कळतही नाही.

अम्मितची फक्त मान आणि डोकं खरं करायचं आहे, बाकीचं ऋचा संगणकावर जोडणार. वादिराजने जबड्यात आणि मानेत मोटारी बसवल्या आहेत. ऋचाच्या हातात एक डबी, तिच्यावर दोन दांडे. एक दांडा ओढला की जबडा उघडतो, दुसरा ओढला की मान खाली येते. अहल्या या डोक्यावर पांढरी पिसं लावते आहे. इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेली बदकांची पिसं, एकेक वाफेवर सरळ करून. मी जवळ जाऊन बघायला लागलो तर म्हणाली, "अण्णा, स्वल्प सरका. उजेड अडतोय."

मी सरकलो. पण पहिल्याच दिवशी मला एक मोठी चूक दिसली आहे. उद्या लिहून काढतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

चूक अशी की पिसांचं आणि गोंदाचं वजन कुणी धरलेलंच नाही. मोटारी थकणार. आयुष्यभर मी विंड टनेलमध्ये विमानांच्या प्रतिकृतींवर वारा सोडून मोजमापं घेतली आहेत, मला वजन शिकवू नये. सात पानी टिपण करून ऋचाला दिलं. निष्कर्ष: पिसं काढून टाकावीत, खवले रंगवावेत. लोकांनाही डायनासोर खवल्यांचाच ठाऊक आहे.

तिने सातही पानं वाचली. मग म्हणाली, "बाबा, चीनमध्ये एवढा मोठा शिकारी डायनासोर पिसांच्या खुणांसकट सापडलाय. आणि पिसं नसतील तर तराजूत काय ठेवू? गोष्टच उरत नाही."

"गोष्ट बदल."

"सरी," म्हणाली. म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'. अहल्याचं ऐकून ऐकून तिलाही लागलं आहे. संध्याकाळी बघतो तर पिसं होती तिथेच. मानेच्या मागे मात्र वादिराज एक स्प्रिंग बसवत होता, वजन तोलायला. हे माझ्या टिपणाच्या पाचव्या पानावर पर्याय म्हणून होतं. म्हणजे ऐकते, पण सांगत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज एक शहाणपणाचं काम केलं. शरच्चंद्रला फोन केला. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली होता, आता मारतहळ्ळीला त्याची स्वतःची कंपनी आहे. त्याला म्हटलं, ऋचासाठी एक जागा धरून ठेव, दसऱ्यानंतर कळवतो. तो लगेच हो म्हणाला.

मला मालिकेबद्दल शंका नाही. पण विमानातही प्रत्येक महत्त्वाची यंत्रणा दुहेरी असते. म्हणून कुणी पहिल्या यंत्रणेवर अविश्वास दाखवला असं होत नाही. नीलाला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "ऋचाला सांगितलंत?" म्हटलं, आत्ताच कशाला, तिचं लक्ष विचलित होईल. नीलाने गॅस बंद केला आणि भाजी तशीच झाकून ठेवली. तिला तांत्रिक गोष्टी समजावणं कधीच सोपं नव्हतं.

२० सप्टेंबर, शनिवार

जबडा उघडला! चोख. मिटतोही चोख. मी टाळ्या वाजवल्या. अहल्या म्हणाली, "अण्णा, तुम्ही टाळ्या वाजवता होय? मला वाटलं, टिपण काढता तेवढंच." गंमत करते, पण बाई कामाची आहे.

एक कबूल करतो. पांढरं डोकं हळूहळू वर आलं आणि माझ्याकडे वळलं, तेव्हा मी एक पाऊल मागे गेलो. आतल्या मोटारी कुठे आहेत हे मला पाठ आहे, तरी गेलो. ऋचाने ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही फुलला की शाळेतलं बक्षीस घेऊन यायची ती आठवली. "भीती वाटली?" म्हणाली. म्हटलं, छे, कोन बदलून बघत होतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऋचा आज गप्प गप्प. दुपारी तिला कुणाचा तरी फोन आला, ती बाहेर कांद्याच्या पोत्यांपाशी जाऊन बोलली आणि परत आली ती न बोलताच. मी मानेच्या वळणाबद्दल तीन सूचना केल्या. तिन्हींना "हो बाबा." नेहमी निदान एकीवर तरी वाद घालते. कामाचा ताण असणार.

घरी जेवलीही नाही. डोकं दुखतंय म्हणून खोलीत गेली. नीला तिच्याजवळ बसून होती. मी बामाची बाटली नेऊन दिली, तर नीलाने ती दारातूनच घेतली.

शरच्चंद्रचाही निरोप होता, "ऋचाशी बोललो, छान वाटलं." आता हा कशाला मध्ये बोलला? पण बरंच झालं, सांगायचं माझं काम वाचलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

ऋचाने मला शरच्चंद्रबद्दल विचारलं नाही, रागावलीही नाही. म्हणजे पटलेलं दिसतं. थोडं चुकल्यासारखं वाटतंय खरं, पण काय चुकलं ते सापडत नाही. आकडेमोड बरोबर आहे.

अम्मित पूर्ण झाली. शेवटचं पीस आज कपाळावर बसलं. अहल्याने हात धुतले आणि सगळ्यांना ताकीद दिली, "कोणीही हात लावायचं नाही. पिसं संपलीत आणि दसऱ्यात शिवाजीनगरला दुकान उघडं नसतंय."

१ ऑक्टोबर, बुधवार

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग दैनंदिनी ठेवायची कशाला?

आज आयुधपूजा. या गावात आज लेथपासून रिक्षापर्यंत प्रत्येक यंत्राला कुंकू लागतं. वादिराजने शेड धुऊन काढली होती, झेंडूच्या माळा, लिंबं, फोडायला कोहळा. अहल्या घरची पूजा आटोपून येणार होती. ऋचा मागच्या खोलीत संगणकावर होती. वादिराजने ताट माझ्यापुढे धरलं. "अण्णा, वयाने मोठे तुम्हीच."

आता मी काही देवभोळा नाही. पण प्रयोगशाळेत गटप्रमुख म्हणून दर वर्षी विंड टनेलच्या पंख्याला कुंकू लावायचा मान माझा होता. हाताला सवय आहे. गंधात कालवलेलं ओलं कुंकू अंगठ्यावर घेतलं. लेथला लावलं. ड्रिलला लावलं. गोंदाच्या बंदुकीला, संगणकाला, वजनकाट्याला. वादिराज मागून घंटा वाजवत होता. छान लय लागली होती. त्याच लयीत पुढे झालो आणि अम्मितच्या कपाळावर, मधोमध, अंगठा चांगला दाबून वर ओढला.

घंटा थांबली तेव्हा मला कळलं.

पांढऱ्या पिसांवर लालभडक, बोटभर लांब. मी घाईने रुमालाने पुसायला गेलो, तर कडेने गुलाबी पसरलं. वादिराज "अय्यो, अय्यो" एवढंच म्हणत होता. तेवढ्यात अहल्या आली. नवी साडी, डोक्यात मल्लिगेचा गजरा. तिने बघितलं आणि मटकन स्टुलावर बसली. "अण्णा, हे काय केलात हो?" ती रागावली असती तर बरं झालं असतं.

परवा सकाळी वाहिनीचे लोक येणार. आणि ज्या देवांचं बंगळूरमध्ये कुणी नाही म्हणून ते घेतले, त्यांचा पहिला भक्त मीच निघालो.

ऋचा बाहेर आली. मी तोंड उघडायच्या आत तिने हात वर केला. डोक्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं. मग कागद मागितला आणि तिथेच उभ्याने प्रसंग बदलला. आता असं, की न्यायाला येणारा प्रत्येक जण आधी स्वतःच्या अंगठ्याने अम्मितच्या कपाळावर लाल रेघ ओढतो आणि मगच बोलतो. "मी खोटं बोललो तर मला खा, असा शब्द देतो तो तिला. आधीच्या माणसाची रेघ अजून पुसलेली नाही." अहल्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "सरी. मग कडेचं गुलाबी राहू दे, जुन्या रेघा म्हणून."

मी असंच काहीतरी सुचवणार होतो. नाही. खरं सांगायचं तर मला काहीच सुचलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. उद्याचा नट उद्याच येणार होता, पण दिवे आणि कॅमेरा आज लावून बघायला त्याच्या उंचीचा माणूस हवा होता. मी उभा राहिलो. नीला डब्यात श्रीखंडपुरी घेऊन आली होती, ती आणि अहल्या पोत्यावर बसून बघत होत्या.

मेलेल्या माणसाने देवांपुढे "मी हे केलं नाही, मी ते केलं नाही" अशी यादी म्हणायची असते. हे ऋचाचं नाही, इजिप्तच्या लोकांनीच लिहून ठेवलेलं आहे. मला कन्नड वाचता येत नाही म्हणून तिने मराठीतून मागून सांगायचं आणि मी मोठ्याने म्हणायचं. मी अंगठ्याने रेघ ओढली. या वेळी अधिकृतपणे.

"मी वजनात खोट केली नाही." खणखणीत म्हटलं. अम्मित स्तब्ध.

"मी वाहतं पाणी अडवलं नाही." स्तब्ध.

"मी गरजेपेक्षा जास्त बोललो नाही."

जबडा उघडला. सगळे इतके हसले की वादिराजच्या हातातला दिवा हलला. मीही हसलो. ऋचा दांड्यांची डबी घेऊन कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. तिची गंमत मला कळत नाही असं नाही.

"पुढे," ती म्हणाली. "मी कुणाला रडवलं नाही."

"मी कुणाला रडवलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज अशा वाक्यांना चांगला लागतो.

जबडा उघडला.

या वेळी कुणी हसलं नाही. मी म्हटलं, मोटार अडकली असेल. "परत," ऋचा म्हणाली. मी परत म्हटलं. जबडा मिटला होता तो परत उघडला, सावकाश, पूर्ण. आतले दात मी सल्ला देऊन घासून घेतले होते, ते सगळे दिसले. मी नीलाकडे पाहिलं. ती पुरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती.

"कुणाला म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

"नुसतं म्हणा, बाबा." तिचा आवाज बरोबर नव्हता.

मला ते वाक्य तिसऱ्यांदा म्हणता येईना. इतका वेळ उभं राहून पाय भरून आले होते, दिवा डोळ्यांवर होता. मी म्हटलं, "मला माहीत नाही. रडवलं असेल."

जबडा मिटला. मग मान खाली यायला लागली. इतकी हळू ती कधीच आली नव्हती. डोकं माझ्या छातीपर्यंत आलं आणि तिथे टेकून राहिलं, लाल रेघ माझ्या शर्टाला लागली. पिसांना गोंदाचा आणि कुंकवाचा वास होता. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्या डोक्यावर हात ठेवला. कुणीच दिवा बंद करत नव्हतं. ऋचाने डबी खाली ठेवली आणि मागच्या खोलीत गेली.

रिक्षात नीला म्हणाली, "त्या शुक्रवारी शरच्चंद्रांनी तिला विचारलं, 'बाबा म्हणाले तुम्ही दसऱ्यानंतर मोकळ्या व्हाल, कधीपासून येता?' मध्यरात्रीपर्यंत रडत होती. मला म्हणत होती, 'वाहिनीने नाही म्हटलं तर चालेल गं. पण बाबांनी आधीच म्हटलंय.'"

मी म्हटलं, अगं, पण मी तर सोय म्हणून. नीला म्हणाली, "मला कळतं. तिला सांगा."

तिला काय सांगायचं ते मला येत नाही. सात पानं येतात. पण मला फार वाईट वाटतंय, हे इथे तरी लिहितो. घरी पोचल्यावर बूटही न काढता शरच्चंद्रला फोन केला. म्हटलं, ती जागा भरून टाक. तो म्हणाला, "सर, उद्याचा निकाल तरी बघा, एक दिवसाने काय बिघडतं?" म्हटलं, आजच भर.

फोन ठेवल्यावर छाती धडधडत होती. उद्या वाहिनीने नाही म्हटलं, तर पोरीच्या हातात काही नाही आणि ते मी केलेलं असेल. मग जेवायला बसलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वाहिनीची मुख्य बाई संहिता नावाची, बरोबर दोघे. नटाने काम चांगलं केलं, माझ्याइतका आवाज नाही त्याला. अम्मित एकदाही अडकली नाही. डोकं वर आलं तेव्हा संहिताबाई खुर्चीत मागे सरकल्या. ते मी टिपलं आणि ऋचानेही. नंतर त्या जवळ जाऊन कपाळाकडे बघत राहिल्या. "हे कुणाला सुचलं?" अहल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "आमचे अण्णा." ऋचा हसू दाबत होती.

बाई म्हणाल्या, "आवडलं. पण ठरवणारी मी एकटी नाही. आठवड्याभरात कळवते." आणि गेल्या. हो नाही, नाही नाही.

सगळे पांगल्यावर मी आणि ऋचा अम्मितवर चादर घालत होतो. चादरीचं तिकडचं टोक तिच्या हातात, इकडचं माझ्या. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही म्हणाले तर शरच्चंद्रकाकांकडे जागा आहे ना."

"नाही," मी म्हटलं. "भरली त्याने. कालच. मीच सांगितलं भरायला."

ती थांबली. मला वाटलं, आता विचारेल की का, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, त्यात तीन मुद्दे होते. तिने विचारलं नाही. चादरीचं टोक सोडून ती इकडे आली, माझ्या शर्टावरची कालची लाल खूण बघितली. तो शर्ट मी आज मुद्दाम घातला होता. नीलाने धुवायला मागितला तर दिला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "दुसऱ्या भागात अम्मितचं पिल्लू आहे. त्याची मान अजून कुणी मोजलेली नाही. उद्या सकाळी लवकर याल?"